जाळे शिवता येते, मग हा बोर्डही जमेल



१ जूनला बंदी लागली. ट्रॉलर जेट्टीला बांधले, जाळी वर काढली, खलाशी आपापल्या गावी गेले. ३१ जुलैपर्यंतचे हे ६१ दिवस आपण कसे घालवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोटीला रंग, इंजिनाची उघडझाप, जाळ्यांची शिवण, आणि संध्याकाळी जेट्टीवर बसून सरकारला शिव्या. यंदा या कामांत आणखी एका कामाची भर घालावी असं आम्हाला वाटतं. काही जण हसतील. परवाच्या बैठकीत हसलेच होते, आणि आम्हीही त्यांच्यात होतो.

झालं असं. आपल्या एका सभासदाची आठवीतली मुलगी वडिलांबरोबर बैठकीला आली होती. तिच्या हातात बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी, तिला जोडलेली काळी वायर आणि वायरीच्या टोकाला स्टीलची एक नळी. तिने ती नळी बर्फाच्या क्रेटमध्ये खुपसली, तेव्हा हिरवा दिवा लागला. मग बाहेर काढून मुठीत धरली. थोड्या वेळाने लाल दिवा लागला आणि भोंगा असा काही केकाटला की मागे डुलक्या काढणारे दोघे दचकून उठले. एक म्हातारे तांडेल म्हणाले, "हें भुरग्यांचें खेळणें न्हय?" सगळे हसले आणि बैठक डिझेलच्या अनुदानाकडे वळली.

घरी जाताना मात्र आमच्या कमिटीतल्या दोघा-तिघांना गेल्या ऑक्टोबरातली रात्र आठवली. आपल्या शीतखोलीचा कॉम्प्रेसर रात्री कधीतरी बंद पडला. दार बंद, आत अंधार, बाहेर पहारेकरी. त्याला कळणार कसं? पहाटे चार वाजता गाडी भरायला दार उघडलं तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि बांगडा हाताला मऊ लागत होता. त्या दिवशी कोणाकोणाचा माल मातीमोल भावाने खताला गेला, ते इथे लिहायची गरज नाही. चूक कोणाची यावर आपण दोन बैठका भांडलो. त्या मुलीच्या हातातली वस्तू त्या खोलीत असती तर भांडायला विषयच उरला नसता.

म्हणून या वस्तूबद्दल थोडं सविस्तर.

ही पट्टी म्हणजे एक छोटा संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. घरच्या लॅपटॉपवर चार ओळींचा हुकूम लिहायचा, केबलने पट्टीत उतरवायचा आणि केबल काढून टाकायची. मग ती पट्टी तोच एक हुकूम रात्रंदिवस पाळत बसते. तापमान बघ, पाचच्या वर गेलं तर भोंगा वाजव, नाहीतर परत बघ. बस्स, एवढंच. बाजारात आणि शाळांत याला सरसकट "बोर्ड" म्हणतात, आपणही तेच म्हणू.

अशा बोर्डांचा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. इटलीत इव्रेआ नावाचं एक गाव आहे. तिथल्या डिझाइनच्या शाळेत २००५ साली काही शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून आर्डुइनो तयार केला. शिकणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक्सचं फारसं ज्ञान नव्हतं आणि त्या वेळी मिळणारे बोर्ड त्यांच्या खिशाला झेपणारे नव्हते, म्हणून. नावही कुठून घेतलं, तर ही मंडळी जिथे बसायची त्या बारच्या नावावरून. (गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.) मुख्य गोष्ट म्हणजे त्यांनी बोर्डाचा नकाशा झाकून ठेवला नाही, जगापुढे उघडा ठेवला. कोणीही बघावा, कोणीही बनवावा. त्याच्या आर्डुइनो उनो या बोर्डाची स्मरणशक्ती जेमतेम ३२ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. पण बर्फावर राखण करायला तेवढी पुरून उरते.

दुसरी गोष्ट इंग्लंडातली. केंब्रिज विद्यापीठात संगणक शिकायला येणारी मुलं वर्षागणिक कमी होत चालली होती. जी येत, त्यांनी संगणक वापरलेला असे, पण तो आतून उघडून बघितलेला नसे. एबेन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांना याची काळजी वाटली आणि त्यातून २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला. एटीएम कार्डाएवढा पूर्ण संगणक, ३५ डॉलरला. २०१५ मध्ये त्याचं पाच डॉलरचं पाय झिरो हे धाकटं भावंड निघालं, तेव्हा ते चक्क एका मासिकाच्या मुखपृष्ठाला चिकटवून वाचकांना फुकट दिलं. २०१६ मध्ये बीबीसीने मायक्रोबिट नावाचा बोर्ड त्या देशातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मोफत वाटला. जवळजवळ दहा लाख बोर्ड वाटले गेले. त्या सभासदाच्या मुलीच्या हातात होता तो पिको, २०२१ मध्ये चार डॉलरला बाजारात आलेला. आपल्याकडे तो चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. बर्फात खुपसलेल्या नळीतला सेन्सर शे-दीडशेचा.

आता आपला त्याच्याशी काय संबंध?

आपल्या आजोबांच्या हातात शिडाची होडी होती. तिचा प्रत्येक दोर, प्रत्येक फळी त्यांना ठाऊक होती. पुढे इंजिन आलं. सुरुवातीला बिचकलो, पण दोन हंगामांत आपण ते उघडायला शिकलो. आज आपल्यातला कुठलाही जुना इंजिन ड्रायव्हर आवाजावरून सांगतो की कुठला नोझल अडकलाय. जाळं फाटलं तर आपण शिवतो, पंखा वाकला तर सरळ करून घेतो. मग आले डबे. फिश फाइंडर, जीपीएस प्लॉटर, वायरलेस. हे डबे सीलबंद आले आणि तिथे आपला हात थांबला. डबा बंद पडला की तो पिशवीत घालून शहरात न्यायचा, काउंटरवरचा माणूस जे सांगेल ते ऐकायचं.

आपल्याच एका सभासदाचा प्लॉटर ऐन ऑगस्टात सुरू होईना. दुकानदाराने न उघडताच सांगितलं, पूर्ण सेट बदलावा लागेल. आठ दिवस बोट जेट्टीला, मालक दुकानात आणि खलाशी बसून जेवतायत. शेवटी आयटीआय शिकणाऱ्या पुतण्याने प्लग उघडून पाहिला. वीज आणणारी वायर खाऱ्या हवेने हिरवी पडून आत तुटली होती. वीस रुपयांचा प्लग बदलला आणि पडदा उजळला. पोराने जादू केली नव्हती. डबा उघडायची भीती त्याच्या मनात नव्हती, इतकंच. ती भीती जायला बारा-तेराव्या वर्षी हातात असा बोर्ड पडावा लागतो. चुकून उलटी वायर लावली तर पाचशे रुपये जळतील, चाळीस हजार नाहीत.

आमच्या मते या बोर्डांचा खरा उपयोग हाच आहे. भोंगा ही जोडकमाई.

तरी भोंग्याची गोष्ट पुरी सांगतो, कारण गेले काही दिवस आम्ही त्या मुलीला आणि तिच्या दोन वर्गमित्रांना शीतखोलीत हे बसवायला सांगितलं होतं आणि त्यात आमचंच बरंच शिक्षण झालं. पहिल्या दिवशी बोर्ड भिंतीवरच्या सॉकेटला लावला. मुलगी म्हणाली, "काका, लाइट गेली की कॉम्प्रेसर बंद पडणार आणि माझा बोर्डपण बंद पडणार. मग भोंगा कोण वाजवणार?" आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आता बोर्डाला स्वतःची बॅटरी आहे आणि भोंगा पहारेकऱ्याच्या खोलीत आहे. मोबाइलवर निरोप पाठवायची सोय करता आली असती, पण लाइट गेली की वायफायही जातं. पहाटे तीन वाजता मोबाइल उशीखाली असतो, कानाशी केकाटणारा भोंगा बरा.

सेन्सर खरा बोलतोय की नाही हे कसं ओळखायचं? त्याला यंत्र लागत नाही. गोड्या पाण्याचा बर्फ बारीक फोडून थोड्या नळाच्या पाण्यात घाला, ढवळा, नळी बुडवा. शून्य दाखवायला हवं. या सेन्सरमध्ये अर्ध्या डिग्रीचा फरक पडू शकतो, तो लिहून ठेवायचा आणि हुकुमात तेवढा वजा करायचा. समुद्राचं पाणी किंवा मीठ मात्र त्यात घालू नका, खारं पाणी शून्याच्या खाली जातं आणि मग सगळा हिशेब चुकतो. बर्फ आपल्याकडे ढिगाने आहे, तेव्हा ही तपासणी दर पंधरा दिवसांनी करायला कोणाचं काय जातं?

आणि पाच डिग्रीचा एवढा बाऊ कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी. बांगडा, तारली, कुपा या मासळीत गरम हवेत हिस्टामाइन तयार होतं. खाणाऱ्याला तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास होतो. एकदा ते मासळीत तयार झालं की शिजवून किंवा तळून जात नाही, बर्फ परत घालूनही जात नाही. म्हणून ही मासळी पकडल्यापासून विकेपर्यंत चार डिग्रीच्या खाली ठेवायची असते. निर्यातवाले माल परत पाठवतात ते उगाच नाही. उद्या कोणी म्हणालं की तुमचा माल गरम झाला होता, तर रात्रभराचं तापमान तासातासाने लिहिलेला कागद पुढे ठेवता आला पाहिजे. बोर्ड तो कागद देतो. पहारेकऱ्याची वही देते ती रात्रीच्या सगळ्या नोंदी सकाळी एकदमच लिहिलेली असते, हे आपण सगळे जाणतो. (पहारेकरी बाबांनी राग मानू नये.)

बोटीवर हाच प्रकार बर्फाच्या कप्प्यात करता येईल. तळात साचणाऱ्या पाण्यावर तरंगती कळ बसवून इशाराही देता येईल. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपले बरेचसे खलाशी ओडिशा, झारखंड, आंध्रचे आहेत. पडद्यावर मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेलं त्यांच्या काय कामाचं? लाल दिवा, हिरवा दिवा आणि भोंगा, एवढंच ठेवा. ते सगळ्यांना कळतं.

आता सावधगिरीचं बोलू, कारण काही तरुण मंडळी भलतीच उत्साहात आलेली दिसतात. एकाने कालच विचारलं, बोर्डाला जीपीएस जोडून प्लॉटर घरीच बनवला तर? बनवा. जगभर हौशी शिडबोटवाले रास्पबेरी पायवर ओपनसीपीएन नावाचं मोफत सॉफ्टवेअर घालून समुद्राचे नकाशे बघतात, ते काही खोटं नाही. पण तो शिकण्यासाठी बनवा, त्याच्या भरवशावर बंदरातून बाहेर पडू नका. पाय हा पूर्ण संगणक आहे, त्याचं सगळं डोकं एका मेमरी कार्डावर असतं. इंजिन सुरू करताना बोटीची बॅटरी क्षणभर बसते. तेवढ्यात पाय बंद पडला आणि नेमकं त्याच वेळी कार्डावर काही लिहिणं चालू असेल, तर कार्ड बिघडतं आणि पडदा काळा. पिको किंवा आर्डुइनोसारखा साधा बोर्ड अशा झटक्यातून उठून परत कामाला लागतो, कारण त्याला फक्त एकच हुकूम माहीत असतो. तरीसुद्धा बोटीच्या १२ किंवा २४ व्होल्टला पिको थेट जोडलात तर जळून जाईल. मध्ये पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हवाच.

आणि खारी हवा. तिला आपण ओळखतो, पण हे बोर्ड बनवणारे ओळखत नाहीत. उघडा बोर्ड केबिनमध्ये टांगून ठेवलात तर एका हंगामात त्याचं तांबं हिरवं होईल. झाकणाला रबर असलेला घट्ट डबा, वायर आत येते तिथे पाणी अडवणारी ग्रंथी, आणि बोर्डावर लाखेसारखा लेप. एवढं करून दर महिन्याला उघडून बघायचं. डब्यावर जलरोधक लिहिलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका, आपल्या होड्यांवरही देवाचं नाव लिहिलेलं असतं आणि तरी आपण पाणी उपसतोच.

जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे यातलं काहीही वापरायचं नाही. वायरलेस, लाइफ जॅकेट, संकटाचा इशारा देणारा ट्रान्समीटर, आणि आता बोटींवर बसणारे इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर यांची जागा हौशी बोर्ड घेऊ शकत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला ज्या योजनेची सुरुवात झाली, तिच्यात देशभरात एक लाख बोटींवर हे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे हवामानाचा इशारा देणारं आणि आपली हाक किनाऱ्याला पोचवणारं हे यंत्र आहे. पोरांनी हात साफ करायला तो डबा उघडला, तर आम्ही कान धरू.

बैठकीत आणखी एक शंका निघाली आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एक बोटमालक म्हणाले, "हे शिकवाल तर पोरं बेंगळुरूला जातील. बोटीवर कोण येणार?" खरं सांगायचं तर आमच्याकडे याला पक्कं उत्तर नाही. पोरं अशीही चाललीच आहेत. कोणी जहाजावर, कोणी हॉटेलात. आपण बोर्ड दिला नाही म्हणून कोणी ट्रॉलरवर चढणार नाही. पण जे राहतील, आणि काही राहतातच, त्यांना बापासारखं काउंटरवर हात जोडून उभं राहावं लागू नये, इतकं तरी आपल्या हातात आहे. ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं तिला तर बोटीवर कोणी घेणारही नव्हतं. आज शीतखोलीची किल्ली आणि तापमानाची वही तिच्या आईकडे आहे, आणि लिलावाच्या वेळी बायका आधी तिला विचारतात, रात्री किती होतं ग?

पुढचा एक विचार आहे, तो अजून कच्चा आहे. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासळी कुठे मिळेल याची सूचना येते. ती उपग्रहाने पाहिलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि हिरवेपणावर बेतलेली असते. उपग्रहाला वरचं पाणी दिसतं, आपलं जाळं जातं तिथलं दिसत नाही. अमेरिकेतल्या काही समुद्रशास्त्रज्ञांनी ओपनसीटीडी नावाचं यंत्र अशाच हौशी बोर्डावर बनवलं आहे. खोली, तापमान आणि क्षार मोजतं, आणि कसं बनवायचं ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. जाळ्याच्या दोराला तापमान लिहून ठेवणारी नळी बांधली आणि दोन-तीन हंगाम नोंदी ठेवल्या, तर आपल्याजवळ आपल्या पाण्याची अशी माहिती साठेल जी दुसऱ्या कोणाकडे नाही. इथे तांडेल मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. घाबरू नका. कोणीही आपली जागा दुसऱ्याला दाखवत नाही, हे आम्हीही याच धंद्यात म्हातारे झालो म्हणून जाणतो. नोंदीचं कार्ड तांडेलाच्या खिशात राहील. सोसायटीला तारीख, खोली आणि तापमान द्या, जागा नको.

खर्चाचं. दहा बोर्ड, दहा सेन्सर, भोंगे, बॅटऱ्या, डबे, वायर, आणि सोल्डर करायच्या दोन इस्त्र्या. ही सगळी रक्कम एका ट्रॉलरच्या एका फेरीला जाणाऱ्या डिझेलपेक्षा कमी आहे. कमिटीने शिक्षण निधीतून ती मंजूर करावी असा ठराव आम्ही मांडणार आहोत. शिकवणारा बाहेरून आणायची गरज नाही. गोव्याच्या शाळांत केअर्स योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात, काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे. आपल्याच मुलांना हे येतं, आपण त्यांना कधी विचारलं नाही. जवळच्या शाळेतल्या एका सरांनी रविवारी यायचं कबूल केलं आहे, मानधन नको म्हणाले. त्यांना हंगाम सुरू झाल्यावर इसवण पोचवायची जबाबदारी आम्ही घेतली आहे.

येत्या रविवारपासून बंदी उठेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा वाजता, जाळी ठेवायच्या शेडमध्ये. मुलं, मुली, खलाशी, मालक, कोणीही या. लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर सोसायटीचा आहे. घरात बंद पडून धूळ खात असलेला फिश फाइंडर, जुना रेडिओ, मोबाइलचा चार्जर, जे काही असेल ते घेऊन या, पहिल्या दिवशी तेच उघडायचं आहे. चहा सोसायटीकडून. आणि ते म्हातारे तांडेल येणार आहेत. त्यांनी कालच निरोप पाठवला की भोंग्याचा आवाज त्यांना कमी वाटतो, इंजिन चालू असताना ऐकू येणार नाही, तेव्हा तो मोठा करून ठेवा.